जऊळका ते लोणार : जलविभाजकावरून एक दिवस

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे अकोला-वाशीम लोहमार्गावरील स्थानक असले, तरी या भूभागाची रचना समजून घेण्यासाठी रस्त्याने केलेला एका दिवसाचा प्रवास अधिक उपयुक्त ठरतो. अजिंठा डोंगररांगेच्या या पूर्वेकडील पठारावरून जलविभाजक, म्हणजे पावसाचे पाणी दोन भिन्न खोऱ्यांत वाटणारा उंचवटा, जातो; त्यामुळे उत्तरेकडील काटेपूर्णेचे पाणी पूर्णेमार्गे तापीला, तर दक्षिणेकडील पैनगंगेचे पाणी वर्धा नदीच्या वाटेने गोदावरीच्या खोऱ्यात पोहोचते. खरिपात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसणारी सोयाबीन आणि तूर बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या मातीत वाढतात.

मालेगावहून शिरपूरला गेल्यास अंतरिक्ष पार्श्वनाथाचे प्राचीन जैन तीर्थक्षेत्र लागते. तेथील मूर्ती आधाराविना अधांतरी असल्याची श्रद्धा असल्यामुळेच तिला ‘अंतरिक्ष’ हे नाव मिळाले. पुढे रिसोडमार्गे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला पोहोचता येते, जेथे उल्काघातामुळे बेसाल्टमध्ये सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर निर्माण झाले असून त्यातील सरोवराचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. 2020 मध्ये हे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण हॅलोआर्किया, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारे रंगद्रव्ययुक्त सूक्ष्मजीव, असल्याचे दाखवले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्यामुळे येथे येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाने या परिसराची स्वच्छता जपणे अत्यावश्यक आहे.