तराफा नंतर, परवाना आधी

खाडी सर्वांची, मग कागद कशाला, असे कोकणातले काही बंधू विचारतात. कागदाविना तराफा टाकलात आणि होडीवाल्यांनी तक्रार केली, तर ऐन हंगामात तो हलवावा लागतो आणि दोरीवरचा माल जातो.

२००५ च्या किनारी जलकृषी कायद्याचा रोख कोळंबीच्या तळ्यांवर होता. २०२३ च्या दुरुस्तीने शिणाणे-कालवांची शेतीही त्यात आणली. नोंदणीविना शेतीला पूर्वी तीन वर्षांपर्यंत कैद होती. आता दंड आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे द्यावा. होड्यांची वाट आणि जाळी लावण्याच्या जागा सोडून नकाशा काढावा, आणि तो आधी शेजारच्या मच्छीमारांना दाखवावा. अर्धे भांडण तिथेच मिटते.

वेळ मात्र सांभाळावी. बी नोव्हेंबर-डिसेंबरात लागते, माल पावसाआधी काढावा लागतो, कारण पाणी गोडे झाले की शिणाणे मरतात. परवाना जानेवारी उलटून आला तर ते वर्ष गेलेच समजा. केरळात कासरगोडकडे महिलांनी गट करून ही शेती केली. एकट्याने खेटे घालण्यापेक्षा तेच बरे.

आमच्या धंद्यापुरते सांगतो: बी दोरीला बांधायला सुती मच्छरदाणीचे कापड लागते. शिणाणे दोरीला चिकटेपर्यंत टिकून मग पाण्यात कुजणारे. नायलॉनमिश्रित घेऊ नका, ते कुजत नाही.