बैलगाडी शर्यत

बैलांची एक किंवा अधिक जोड्या हलक्या गाडीस जुंपून ठराविक अंतर इतरांपेक्षा कमी वेळात पार करण्याची ग्रामीण चढाओढ. महाराष्ट्रात तिला प्रदेशपरत्वे निरनिराळी नावे आहेत. पुणे जिल्ह्यात ‘बैलगाडा शर्यत’, सातारा–सांगली भागात ‘बैलगाडी शर्यत’, तर विदर्भात व त्यास लागून असलेल्या मराठवाड्याच्या भागात ‘शंकरपट’ किंवा नुसते ‘पट’ असे म्हणतात. ग्रामदैवताची यात्रा, उरूस अथवा सुगीनंतरचा मोकळा काळ हे तिचे प्रसंग होत. शर्यतीत भाग घेणारे बहुतेक हौशी शेतकरी असतात आणि ती भरविण्याचा भार गावातील यात्रा समितीवर किंवा शौकिनांच्या मंडळावर असतो. त्यामुळे शर्यतीचा निवाडा न्याय्य ठरणे आणि बैलास इजा न होणे या दोन्ही गोष्टी मुख्यतः आयोजनाच्या चोखपणावर अवलंबून राहतात.

प्रकार : पुणे जिल्ह्यातील शर्यत ‘घाटा’त, म्हणजे चढत्या उताराच्या आखीव धावपट्टीवर होते. गाड्यास चार बैल जुंपतात. त्यांतील एका जोडीस जुकाटाचे व दुसरीस धुरीचे बैल म्हणतात. एका वेळी एकच गाडा पळतो. या पळण्यास ‘बारी’ अशी संज्ञा आहे. प्रत्येक बारीचा वेळ सेकंदांत मोजतात आणि सर्वांत कमी वेळ घेणारा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो. सातारा–सांगली भागात मात्र एका जोडीच्या अनेक गाड्या शेजारशेजारच्या चाकोऱ्यांतून एकदम सुटतात. प्रथम गट, मग उपांत्य आणि शेवटी अंतिम फेरी असा क्रम असतो. पंचाचा झेंडा पडताच गाड्या सुटतात आणि अंतिम रेषा प्रथम ओलांडणारी गाडी पुढे जाते. शंकरपटात लहान छकड्याला एक जोडी जुंपतात. ती हाकणाऱ्यास धुरकरी म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील शंकरपट प्रसिद्ध आहे.

आयोजन : घड्याळावरील शर्यत आणि समोरासमोरची शर्यत यांतील न्यायाचे प्रश्न वेगळे आहेत. पहिलीत सर्व स्पर्धक एकाच पट्टीवरून जातात. परंतु दिवसभराच्या धावांनी माती सैल होते, उन्हाचा कडाकाही वाढतो. सकाळी पळालेला गाडा व दुपारचा गाडा यांना सारखी पट्टी मिळत नाही. म्हणून बाऱ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा लागतो आणि मधूनमधून पट्टी पाणी मारून दाबून घ्यावी लागते. हातातील घड्याळाने वेळ मोजताना एकाच वेळनोंदकावर विसंबल्यास तंटे उद्‌भवतात. त्यामुळे अलीकडे अनेक ठिकाणी विद्युत्‌ यंत्रणेने वेळ घेतात. दुसऱ्या प्रकारात घड्याळाची गरज नसते, पण चाकोऱ्या सारख्या नसतात. एखादी कडेची चाकोरी गर्दीला लागून असते, एखादीत खडक वर येतो. विजेवर चालणाऱ्या खेळण्यातील मोटारींच्या खाचमार्गी शर्यतीत हीच अडचण प्रत्येक स्पर्धकास आळीपाळीने प्रत्येक खाचेतून पळवून दूर करतात. बैलाच्या बाबतीत हा उपाय चालत नाही. कारण प्रत्येक फेरीगणिक तो थकतो. म्हणून चाकोरी चिठ्ठीने ठरविणे, ती फेरीच्या आधी सर्वांदेखत जाहीर करणे आणि फेऱ्यांच्या दरम्यान बैलास विसावा देणे, एवढेच आयोजकाच्या हाती असते.

पंच स्पर्धकांपैकी किंवा त्यांच्या भावकीपैकी नसावेत, झेंडा पडण्यापूर्वी सुटलेली गाडी बाद करावी की फेरी पुन्हा घ्यावी हे आधीच ठरलेले असावे आणि अंतिम रेषेवर एकाहून अधिक पंच असावेत, या गोष्टी रूढ संकेत म्हणून पाळल्या जातात. प्रेक्षक पट्टीत घुसल्यास बैल बुजतो व गाडी चाकोरी सोडते. बहुतेक अपघात यातूनच संभवतात. यास्तव दोन्ही बाजूंस भक्कम कठडे आणि अंतिम रेषेपुढे बैल थांबण्याइतकी मोकळी जागा ठेवणे आवश्यक असते.

बैलांचे वय दातांवरून ठरवून वर्गवारी करतात. दुधाचे दात न पडलेला तो ‘आदत’, कायमचे दोन दात आलेला ‘दुसा’ व चार दात आलेला ‘चौसा’ होय. कोवळ्या आदत बैलास पुऱ्या वाढीच्या बैलांबरोबर पळविणे अन्यायाचे, तसेच त्याच्या सांध्यांना अपायकारक असते.

नांदेड व लातूर : हे दोन जिल्हे दोन नामांकित गोजातींचे मूळस्थान आहेत. नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या परिसरात तांबड्या रंगाची लाल कंधारी जात विकसित झाली. लातूर जिल्ह्यातील देवणी–उदगीर भागात देवणी जात विकसित झाली. देवणी जनावरांत वानेरा, शेवरा व बालंक्या असे तीन रंगभेद मानतात. लाल कंधारी प्रामुख्याने शेतकामाची आहे. देवणी दूध व ओढकाम या दोन्हींसाठी पाळतात. काळ्या भारी जमिनीतील मशागतीसाठी टिकाव महत्त्वाचा असल्याने या बैलांची निवड बळावरून होत आली. शर्यतीत ज्याची ख्याती आहे तो सोलापूर–सांगली–सातारा पट्ट्यातील खिलार बैल मात्र अंगाने सडपातळ व चपळ असतो. मराठवाड्यात शर्यत भरविताना स्थानिक जातींसाठी वेगळा गट न ठेवल्यास बाहेरून आणलेल्या खिलार जोड्यांपुढे गावच्या शेतकऱ्यांचा सहभाग नाममात्र राहण्याचा संभव असतो. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेत मोठा जनावरांचा बाजार व पशुप्रदर्शन असते. जोड्यांची पारख व खरेदी-विक्री अशा ठिकाणी होते.

कायदा : बैल पळावा म्हणून त्यास चाबकाने वा आरीने टोचणे, शेपटी पिरगाळणे, विजेचा धक्का देणे अशा प्रकारांमुळे शर्यतींवर आक्षेप घेतला गेला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली केंद्र शासनाने जुलै २०११ मध्ये खेळ व प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यती अवैध ठरविल्या. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे शर्यतीस अनुकूल नाही, असेही न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये या अधिनियमात राज्यापुरती सुधारणा केली. परंतु त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींची मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांच्या सुधारणा वैध ठरविल्या.

राज्याच्या नियमांनुसार आयोजकाने जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावयाची व अनामत रक्कम भरावयाची असते. धावपट्टी १,००० मी.पेक्षा लांब असता कामा नये. बैल तंदुरुस्त असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र लागते. काठी, चाबूक वा विजेचे साधन वापरण्यास बंदी असून शर्यतीचे चित्रीकरण प्रशासनास सादर करावे लागते. बैलास वेदना दिल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

ट्रॅक्टरच्या प्रसारामुळे शेतीतील बैलांची गरज घटली आहे. शर्यतीमुळे देशी जातींचे बैल जोपासले जातात, असे समर्थकांचे म्हणणे आहे. तर भीती दाखविल्यावाचून बैल वेगाने पळतच नाही, असे प्राणिमित्र मानतात. न्यायालयीन वाद मिटला असला, तरी लंगडणारा वा धापा टाकणारा बैल फेरीपूर्वी बाजूला काढणे हे काम धावपट्टीवर उभ्या असलेल्या पंचाचेच राहते. मालक गावातील वजनदार असला, तरी असा निर्णय घेण्याचा अधिकार पंचास समितीने आगाऊ व लेखी दिलेला असणे, ही सुरक्षित आयोजनाची पहिली अट होय.