बुबुळ विरघळतं तेव्हा

ऊसतोड चालू असताना पाचटाचं पातं सपकन डोळ्याला लागतं. पाणी मारायचं, पदराने पुसायचं, पुन्हा कोयता हातात. चार दिवसांत डोळा लालभडक होतो, उजेड सोसवत नाही आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणतात ते हेच. शब्द नाजूक, पण आत चाललेली असते तोडफोड.

बुबुळावरची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया. तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यातला सुमारे ९० टक्के थर मुख्यत्वे कोलॅजनच्या धाग्यांनी विणलेला. कोलॅजन तर चामड्यातही असतं, मग त्यातून आरपार का दिसत नाही? कॉर्नियात हे धागे अतिशय बारीक आणि सारख्या अंतरावर असतात, म्हणून प्रकाश विखुरत नाही. अशा दोनशेच्या आसपास पापुद्र्यांच्या फटींत चपट्या पेशी राहतात, केरॅटोसाइट. एरवी त्या निवांत, थोडीफार डागडुजी करत पडून असतात.

जखम झाली की वरच्या आवरणातल्या फुटलेल्या पेशींमधून इंटरल्युकिन-१ हे निरोप देणारं प्रथिन झिरपतं. जखमेलगतचे केरॅटोसाइट मरतात. पलीकडचे जागे होऊन रूप पालटतात आणि कोलॅजन कापणारी एन्झाइम सोडू लागतात. जुनं काढल्याशिवाय नवं विणता येत नाही, इतपत ते ठीकच. (या जातीचं पहिलं एन्झाइम १९६२ साली बेडकाच्या पिल्लाच्या गळत्या शेपटीत सापडलं होतं!)

पण जंतू शिरले की हिशेब बिघडतो. ही एन्झाइम निष्क्रिय रूपात बाहेर पडतात. काही जंतूंची स्वतःची एन्झाइम त्यांना कामाला जुंपतात. धावून आलेल्या पांढऱ्या रक्तपेशी भर घालतात. जपानच्या यामागुची विद्यापीठात केरॅटोसाइट कोलॅजनच्या जेलमध्ये वाढवून पाहिले, तेव्हा स्यूडोमोनास या जंतूच्या एन्झाइमने त्यांच्याकडून होणारी कोलॅजनची झीज वाढलेली दिसली. म्हणजे घर पाडणाऱ्यांत घरचेच गडी! कॉर्निया पातळ होत जातो, कधी आरपार भोक पडतं.

त्यामुळे नुसते जंतू मारून भागत नाही. डॉक्टर कधी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात, ते या एन्झाइमना आवरण्यासाठीही.

शेतातल्या जखमेतून संसर्ग झाला, तर तो बऱ्याचदा बुरशीचा असतो. त्यावर नाटामायसिन लागतं. दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी लाली उतरते, बरं वाटतं आणि आत बुरशी मोकाट पसरते. तेव्हा डोळ्याला पातं लागलं, तर औषधाच्या दुकानात नव्हे, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.