एक्स-रे नॉर्मल, पाय नाही!

‘अगं, दुखतच नाहीये, तर डॉक्टर कशाला?’ बाबांचं ठरलेलं उत्तर. डावा पाय घोट्याखाली सुजलेला, लालसर आणि हात लावला तर उजव्यापेक्षा चांगलाच गरम. डायबेटिस पंधरा वर्षांचा जुना. शेवटी दोन डेडलाइन्स पुढे ढकलून मी त्यांना एक्स-रेला नेलंच. रिपोर्ट नॉर्मल! ‘मुरगळला असेल,’ म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. बाबा खूश. दुसऱ्या दिवशी मॉर्निंग वॉक सुरू.

सूज मात्र उतरेना. मग डायबेटिक फूट बघणाऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी नायलॉनचा एक धागा बाबांच्या तळव्याला टेकवला. ‘कळतंय का?’ बाबा गप्प. धागा टेकवलाय हेच त्यांना समजलं नव्हतं. त्यावर लगेच एमआरआय.

निदान : शार्को फूट. ज्याँ-मार्तां शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी मज्जासंस्थेच्या पेशंट्समधला हा सांध्यांचा आजार १८६८ मध्ये मांडला. डायबेटिसशी त्याचं नातं जोडलं गेलं १९३६ मध्ये. नसा बधिर होतात, हाडांना बारीक तडे जातात, दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि एक दिवस पायाची कमान खचते. मग जखम, इन्फेक्शन, कधी पाय कापण्याचीही वेळ.

मग एक्स-रे चुकला का? नाही. हाडाची मोडतोड पुरेशी झाली की ती एक्स-रेत दिसते. हाडात इन्फेक्शन असलं तरी तिथे बदल दिसायला दोनेक आठवडे जातात. एमआरआयला हाडाच्या आतली सूज त्याआधीच दिसते. अर्थात, पायाचा रक्तपुरवठा बघायचा तर डॉपलर वेगळा. प्रत्येक मशीनचा प्रश्न वेगळा, एवढंच.

बाबा सध्या प्लास्टरमध्ये आहेत. दर व्हिजिटला दोन्ही पायांचं तापमान मोजतात. फरक दोन अंशांच्या आत येऊन टिकेपर्यंत वॉक बंद. जाम वैतागलेत, पण कमान शाबूत आहे!

आयसीएमआरच्या २०२३ मधल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त डायबेटिक आहेत. त्यातलं कुणीतरी तुमच्याही घरी असेल. या रविवारी मॉलला जायच्या आधी त्यांचे पाय हातात घेऊन बघा. एकच पाय गरम आणि सुजलेला असेल, तर ‘दुखत नाही’ आणि ‘एक्स-रे नॉर्मल’ या दोन्ही वाक्यांवर खूश होऊ नका. आधी त्यांना बसवा, चालू देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.