गर्भस्थ जीव आणि कायद्याचे मौन

मनुष्य ‘व्यक्ती’ केव्हापासून ठरतो हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या व्यासंगाचा मानला जात असला, तरी वारसांची नोंद घेणाऱ्या तलाठ्यालाही तो अधूनमधून पडतच असतो. फरक इतकाच, की तलाठ्याच्या हाती तयार उत्तर असते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, एखादा इसम मृत्युपत्र न करता वारला त्या वेळी जे अपत्य उदरात होते, ते पुढे जिवंत जन्मास आल्यास त्याचा हक्क आधी जन्मलेल्या अपत्यासारखाच धरला जातो. न आल्यास हिस्साही उरत नाही.

फौजदारी कायद्याने मात्र जन्माची वाट पाहिली नाही. १८६० च्या दंडसंहितेने गर्भपातास ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली, आणि उदरातील हालचाल जाणवू लागल्यानंतर ७ वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्या कलमातून सुटली नाही. गर्भाची योग्यता महिन्यांगणिक वाढते ही यामागची धारणा केवळ विलायती नव्हे, कारण चौथ्या महिन्यात हृदय व चेतना व्यक्त होते म्हणून गर्भिणी दोन हृदयांची होय, असे सुश्रुतसंहिताही सांगते. तथापि उदरातील अपत्याचा मृत्यू घडवणे हा मनुष्यवध नव्हे, असा खुलासा त्याच दंडसंहितेत होता. आणि लगेच पुढे अशी पुस्ती, की अपत्याच्या देहाचा कोणताही भाग बाहेर आला असेल, तर त्याने श्वास घेतलेला नसला तरी तो सदोष मनुष्यवध ठरू शकेल. व्यक्तित्वाची सरहद्द इतक्या निष्ठुर नेमकेपणाने आखणारे दुसरे वाक्य आपल्या कायद्यात क्वचितच सापडेल.

महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. त्याने गर्भ व्यक्ती आहे की नाही याची दखलच घेतली नाही. अमुक आठवड्यांपर्यंत अमुक कारणांसाठी, सद्भावनेने गर्भपात करणारा नोंदणीकृत डॉक्टर अपराधी नव्हे, एवढेच सांगितले. २०२१ च्या दुरुस्तीने मुदत वाढली, पण निर्णयाची किल्ली डॉक्टरांच्या अभिप्रायापाशीच राहिली.

योगायोगाने त्याच १९७१ साली जुडिथ जार्विस थॉमसन या अमेरिकन विदुषीने वादाची दिशा बदलली. गर्भ व्यक्ती आहे हे घटकाभर मान्यच करा, असे म्हणून तिने एक प्रसंग कल्पिला: संगीतप्रेमींनी तुम्हांला पळवून नेले असून, जागे होताच तुम्हांला दिसते की एका थोर व्हायोलिनवादकाचे रक्ताभिसरण तुमच्या मूत्रपिंडांना जोडलेले आहे, आणि नऊ महिने तसेच पडून राहिलात तरच तो वाचेल. त्याला जगण्याचा हक्क आहे; पण दुसऱ्याचे शरीर वापरण्याचा हक्क त्यातून निघतो काय? बलात्काराच्या प्रसंगी हा दाखला चपखल बसतो. इतरत्र तो डळमळतो, कारण गर्भ हा पळवून आणून जोडलेला परका नव्हे. तरीही जगण्याचा हक्क आणि शरीराचा वापर या दोन गोष्टी तिने वेगळ्या काढल्या, हे मला तिचे खरे यश वाटते.

उलट मेरी अ‍ॅन वॉरेन या तत्त्वज्ञ विदुषीने १९७३ साली व्यक्ती ठरण्यासाठी चेतना, विवेक, आत्मभान अशा कसोट्या लावल्या, त्यांत नवजात बालकही अनुत्तीर्ण होते, आणि तिला पुढे पुरवणी खुलासा जोडावा लागला.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सुमारे सव्वीस आठवड्यांची गर्भवती असलेली एक विवाहित स्त्री आली. दोन अपत्ये असलेली, प्रसूतीनंतरच्या मानसिक व्याधीवर उपचार घेणारी. गर्भपाताची परवानगी मिळाली, मग गर्भ जगू शकेल असा असल्याने त्याचे हृदय आधी थांबवावे काय, अशी विचारणा डॉक्टरांनीच केली आणि पीठ दुभंगले. गर्भाला मातेहून पृथक व्यक्तित्व नाही, असे न्यायमूर्ती नागरत्ना यांनी म्हटले. न्यायमूर्ती हिमा कोहली यांना तो हुकूम कायम ठेवणे जमले नाही. अखेर तीन न्यायाधीशांनी परवानगी नाकारली: मुदत उलटलेली, मातेच्या जिवाला तातडीचा धोका नाही, गर्भात दोष नाही. प्रसूतीचा खर्च सरकारने सोसावा, आणि मूल दत्तक द्यावयाचे की नाही हे आईबापांनी ठरवावे, असे ठरले.