दोन हात वायर

आमच्या घरी दोन संगणक आहेत, पण त्यांची एकमेकांशी बोलचाल नाही. एक दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसलेला डेस्कटॉप; वयाने थोर आणि आवाजानेही. दुसरा कन्येचा लॅपटॉप. सडपातळ, अबोल आणि मालकिणीसारखाच सदा बाहेर जायच्या तयारीत. इतकी वर्षे त्यांच्यातील निरोप्याचे काम एक पेनड्राइव्ह करीत असे. तो यंदा घटस्थापनेच्या सुमारास नाहीसा झाला. बहुधा धुण्यात गेला असावा.

एरवी त्याची कोणी आठवणही काढली नसती. पण त्याच आठवड्यात डेस्कटॉपच्या पोटातून कट्-कट् असा आवाज येऊ लागला. हार्ड डिस्क थकली की असा आवाज करते; मग ती चार महिने चालते की चार तास, हे ब्रह्मदेवही सांगणार नाही. आणि त्या डिस्कवर माझ्या आईचा आवाज होता. शेवटच्या वर्षी नातीने हौसेने तिच्याकडून ओव्या आणि माहेरच्या गोष्टी बोलवून घेतल्या होत्या. फोटो धरून ऐवज ४० जीबीचा.

"अहो, बाकीचे राहू द्या. आधी आईंचा आवाज तेवढा लॅपटॉपवर घ्या," सौभाग्यवतींनी फर्मावले. कन्या भाऊबीज आटोपून बंगळूरला परतणार होती.

घ्यायचा कसा? इंटरनेटवर चढवावा, तर गूगल फुकट जागा देते ती १५ जीबी. एका स्नेह्याने दोन्हीकडे सारखीच चपटी तोंडे असलेली यूएसबीची वायर सुचवली. वाचकहो, हा प्रयोग करू नका! अशा वायरीने दोन्ही संगणक यजमान होऊन बसतात, पाहुणा कोणीच नाही. शिवाय वीज भलतीकडे जाऊन नुकसान व्हायचे ते निराळेच. वाय-फाय असते तर 'लोकलसेंड'सारखा फुकटचा प्रोग्रॅम दोन्हीकडे टाकून काम भागले असते. घरातल्या घरात फाइली पाठवल्या तर इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पण आमच्या डेस्कटॉपला वाय-फायचे इंद्रियच नाही.

मी नवी वायर आणायला निघालो, तोच कन्येने माळ्यावरून राउटरचा रिकामा खोका काढला. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी इथरनेटची वायर होती, जेमतेम दोन हात लांब! राउटरबरोबर ती बहुधा येतेच आणि बहुधा तशीच पडून राहते. नसली तर बाजारात शे-दोनशे रुपयांत मिळते. या इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधनशाळेत १९७३ साली कागदावर मांडली. पूर्वी दोन संगणक थेट जोडायला आतल्या तारा उलटसुलट केलेली खास वायर लागे; हल्लीची यंत्रे ते आपल्या आपण जमवून घेतात. लॅपटॉपला तसे भोक नसेल तर यूएसबीला लावायचे छोटे अडॅप्टर घ्यावे लागते.

वायर लावून मिनिटभर थांबलो. यंत्रांनी स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते घेतले. डेस्कटॉपवर 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू केले, फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज'मधून तो शेअर केला आणि लॅपटॉपवर दोन उलट्या तिरप्या रेघांपुढे डेस्कटॉपचे नाव लिहिले. त्याने नाव आणि पासवर्ड विचारला. इथे अर्धा तास घोडे अडले! डेस्कटॉपला पासवर्ड कधी ठेवलाच नव्हता आणि पासवर्डविना आलेल्या पाहुण्याला विंडोज नेटवर्कवरून घरात घेत नाही. पासवर्ड ठेवला, आणि दार उघडले.

आमच्या डेस्कटॉपचे कार्ड जुने, सेकंदाला १०० मेगाबिटचे. म्हणजे हिशेबाने साडेबारा मेगाबाइट, प्रत्यक्षात अकराच्या आसपास. १००० मेगाबिटचे कार्ड असते तर काम किती तरी लवकर उरकले असते. आम्हाला तासाहून थोडा अधिक वेळ लागला. 'कट' न करता 'कॉपी'च केले. वाटेत काही बिघडले तर मूळ जागचे तरी राहावे! आईचा फोल्डर पहिला घेतला, फोटो मागाहून. लॅपटॉप मध्येच झोपू नये म्हणून चार्जर लावून ठेवला होता.

कन्येने खात्री करायला पहिली फाइल लावली. आधी नुसती खरखर, मग भांड्यांचा आवाज, आणि मग आई म्हणाली, "अगं, झाले का सुरू तुझे यंत्र?"

सौभाग्यवती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.