कवटीचें बळ

फुटाणा दाढेखालीं फोडतांना आपण त्या एका दाढेचाच विचार करतों. वास्तविक त्या क्षणीं कानशिलावरील स्नायु आंखडतात, खालचा जबडा किंचित् पिळवटतो आणि भार गालाच्या हाडांवाटे कवटींत पसरतो. माझ्या बहुतेक दाढा गेल्यामुळें हा अनुभव मला आतां पारखा झाला आहे; विषयाची गोडीही त्यामुळेंच लागली असावी.

हा भार कोठें किती पडतो, हें कवटी न फोडतां कसें कळावें? शाळेंत वर्तुळाचें क्षेत्रफळ शिकवितांना मी घरें आंखलेल्या कागदावर वर्तुळ काढून घरें मोजावयास सांगत असें. घरें जितकीं बारीक, तितकें उत्तर नेमकें. तीच युक्ति येथें आहे. विमानांच्या व पुलांच्या गणितासाठीं निघालेल्या या रीतीस १९६० सालीं रे क्लफ या अमेरिकन प्राध्यापकांनीं ‘फायनाइट एलिमेंट’ हें नांव दिलें. सी. टी. स्कॅनवरून संगणकांत कवटीची प्रतिकृति बनवावयाची, तिचे हजारों, कधीं लाखों तुकडे कल्पावयाचे, प्रत्येकास हाडाचा ताठपणा द्यावयाचा, स्नायूंची ओढ लावावयाची; मग कोणता तुकडा किती दबला वा ताणला, तें संगणक सांगतो.

२००१ सालीं एमिली रेफील्ड या इंग्लंडमधील विदुषीनें सहकाऱ्यांसह ॲलोसॉरस या मांसाहारी डायनोसॉरच्या कवटीचें असें गणित प्रसिद्ध केलें. निष्पन्न विलक्षण होतें. स्नायूंच्या बळावर चाव्याचा जोर अवघा ८०५ ते २,१४८ न्यूटन. कवटी मात्र ५५,५०० न्यूटन, म्हणजे साडेपांच टनांहून अधिक भार सोसणारी! मग हें जादा बळ कशासाठीं? वरचा जबडा कुऱ्हाडीसारखा भक्ष्यावर हाणून तो मांस फाडीत असावा, असा त्यांचा तर्क. तो सर्वांस पटला नाहीं, आणि मला तें रास्त वाटतें. लुप्त प्राण्याचे स्नायु कोणीं पाहिले आहेत? त्यांचा जोर अंदाजानेंच घालावा लागतो. म्हणून जिवंत माकडांच्या हाडांवर ताणमापक चिकटवून, तीं चावीत असतां होणारा ताण गणिताशीं ताडून पाहतात.

मनुष्याच्या बाबतींत ही ताडणी केवळ जिज्ञासेची गोष्ट राहत नाहीं. अपघातांत जबडा मोडला म्हणजे शस्त्रवैद्य टायटॅनियमची पट्टी स्क्रूंनीं बसवितात. ती दुबळी असली तर घास चावतांना मोडते किंवा स्क्रू ढिले पडतात. फार ताठ असली तर बहुतेक भार तीच वाहते, आणि काम न उरलेलें हाड झिजूं लागतें. पट्टी कोणती, कोठें, स्क्रू किती, हें संगणकांतील जबड्यावर आधीं अजमावतां येतें. तेथें दहा जबडे मोडले तरी कोणी कण्हत नाहीं.

दांत गेल्यावरही जबड्याचें हाड असेंच खालावतें. माझें खालावलेलें हाड दंतवैद्यांनीं क्ष-किरणचित्रांत मला दाखविलें. तेव्हांपासून घरांत माझ्यापुरते चणे भिजवून, शिजवून मिळतात.